ढगावरचा कॅमेरावाला

सांगलीला मामाकडे टीव्ही गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. रिमोट दोन होते. पहिल्यावर हक्क घरच्या मुलाचा, म्हणजे मामेभावाचा. दुसरा पाहुण्याचा, म्हणजे माझा. पहिल्या रिमोटवर लाल मारिओ चालायचा आणि दुसऱ्यावर हिरवा-पांढरा. मामेभाऊ आउट झाला की माझी पाळी, आणि तो सहजासहजी आउट होत नसे. त्यामुळे माझा हिरवा मारिओ दुपारभर नुसता वाट पाहत असायचा. त्याचं नाव पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं असे, पण आम्ही मराठी शाळेतली मुलं ते ‘लुगी’ असं वाचायचो. तो मारिओचा धाकटा भाऊ लुइजी आहे, हे कळायला मला कॉलेज उजाडावं लागलं.

या लुइजीच्या जन्माची कथा त्याच्या नशिबाला शोभेल अशीच आहे. १९८३ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीनं ‘मारिओ ब्रदर्स’ हा गेम काढला. त्यात दोघांना एकाच वेळी खेळता यायला हवं होतं, म्हणून पडद्यावर दुसरा माणूस हवा होता. पण यंत्राची मेमरी इतकी तुटपुंजी की त्याच्यासाठी वेगळं चित्र ठेवायला जागाच नव्हती. मग मारिओचंच चित्र घेतलं आणि त्याचा रंग बदलला. तो रंगही नवा नव्हता. त्याच गेममध्ये पाइपातून बाहेर पडणारी कासवं होती, त्यांच्यासाठी ठरवलेला रंगसंच लुइजीला लावला. धाकट्याला थोरल्याचे कपडे मिळतात हे आपल्याकडे घरोघरी चालतं. या धाकट्याला थोरल्याचं तोंड मिळालं आणि वर कासवाचा रंग.

मारिओच्या गोतावळ्यात असे पुष्कळ आहेत. कोणा लेखकानं बसून त्यांची पात्रयोजना केलेली नाही. हे गेम बनवणारे शिगेरु मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एखादी अडचण उभी राहायची आणि त्या अडचणीवरचा तोडगा म्हणून कोणीतरी पडद्यावर यायचं. अडचण पुढे संपली, पण ती माणसं राहिली. मारिओ सगळ्या जगाला ठाऊक आहे. मला कुतूहल आहे ते या तोडग्यांचं.

सगळ्यांत साधा तोडगा म्हणजे गूम्बा. भुवया वाकड्या करून डुलत येणारा तपकिरी गोळा. १९८५ च्या सप्टेंबरात जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, तेव्हा त्या अख्ख्या गेमसाठी कॅसेटमध्ये जागा होती ४० किलोबाइट. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा ‘सुप्रभात’चा गुलाबसुद्धा बहुधा याहून मोठा असतो. एवढ्या जागेत बत्तीस लेव्हल, संगीत, शत्रू आणि आकाश बसवायचं होतं. म्हणूनच त्या गेममधले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचा आकार एकच आहे. पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप. लहानपणी शेकडो वेळा ते डोळ्यांसमोरून गेलं, पण एकदाही लक्षात आलं नाही.

गेम बनवून संपत आला तेव्हा लक्षात आलं की नवख्या माणसाला पहिला शत्रूच झेपत नाही. तो होता कासव. कासवावर उडी मारली की ते कवचात शिरतं. कवचाला धक्का दिला की ते घसरत जातं, भिंतीवर आपटतं आणि परत येऊन आपल्यालाच मारतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढं सगळं कोणाला उमगणार? उडी मारली की चेपला, विषय संपला, असा शत्रू हवा होता. पण कॅसेटमध्ये जेमतेम एक चित्र बसेल एवढीच जागा उरली होती आणि चालणं दाखवायचं तर किमान दोन चित्रं लागतात. मग त्यांनी ते एकच चित्र सारखं डावं-उजवं उलटवत ठेवलं. डोळ्यांना वाटतं, स्वारी पाय टाकत येते आहे. जपानीत त्याचं नाव कुरिबो, कारण ‘कुरि’ म्हणजे चेस्टनट, पण आकार अळंबीसारखा असल्यामुळे आम्ही त्याला मशरूमच समजायचो. जगभरच्या मुलांचा या खेळातला पहिला मृत्यू ज्याच्या हातून झाला, तो सगळ्यांत शेवटी, उरल्यासुरल्या जागेत बसवलेला होता.

मला सगळ्यांत लोभसवाणा वाटतो तो लाकिटू. चष्मा लावून छोट्याशा ढगात बसलेलं कासव. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये चौथ्या जगाच्या पहिल्याच लेव्हलला तो येतो आणि वरून काटेरी अंडी फेकत पाठलाग करतो. माझा मामेभाऊ ज्या थोड्या ठिकाणी हमखास आउट व्हायचा, त्यातलं हे एक. त्यामुळे लाकिटूविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

त्याच्या जपानी नावात एक गंमत दडलेली आहे. जपानीत त्याला ‘जुगेमु’ म्हणतात आणि तो फेकतो त्या काटेरी अंड्याला ‘पाइपो’. ही दोन्ही नावं राकुगोमधली आहेत. राकुगो म्हणजे गादीवर गुडघे मुडपून बसलेला एकटा कथेकरी हातात पंखा आणि रुमाल घेऊन सगळ्या पात्रांचे आवाज काढतो आणि गोष्ट रंगवून हसवतो, अशी जुनी कला. आपल्याकडच्या एकपात्रीच्या जवळची म्हणता येईल. ‘जुगेमु’ ही त्यातली अतिशय लोकप्रिय गोष्ट. एका बापाला मुलगा होतो. दीर्घायुष्य लाभेल असं नाव हवं म्हणून तो भिक्षूकडे जातो. भिक्षू एकामागून एक शुभ नावं सुचवतो आणि बापाला त्यातलं एकही सोडवत नाही. सगळी मिळून मुलाचं एकच लांबलचक नाव होतं. ते ‘जुगेमु’नं सुरू होतं आणि त्यात मध्ये ‘पाइपो’ येतं. पुढे हा मुलगा दुसऱ्या पोराच्या डोक्यात टेंगूळ आणतो. ते पोर रडत तक्रार घेऊन येतं, पण प्रत्येक जण ते पूर्ण नाव घेत राहतो आणि तेवढ्या वेळात टेंगूळ बसून जातं. जपानी मुलांना हे नाव एका दमात म्हणून दाखवायची हौस असते. त्यांच्यासमोर ढगातून जुगेमु पाइपो फेकतो, तेव्हा त्यांना ती गोष्ट आठवत असणार. इंग्रजी नाव आल्याबरोबर ती गंमत हरवली आणि आपल्यापर्यंत पोचलं ते नुसतं चष्मेवालं कासव.

जाचक शत्रू म्हणून आलेल्या या लाकिटूला १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये नोकरी लागली. शर्यतीच्या सुरुवातीला दिवे दाखवायचे, फेरी मोजायची आणि कोणी गाडीसकट पाण्यात पडलं तर गळ टाकून वर काढायचं. या कामाचे पैसे म्हणून तो आपली नाणीही कापून घेतो. पंच, वाहतूक पोलीस आणि क्रेनवाला अशी तीन कामं एकट्याकडे.

त्याचं सगळ्यांत मोठं काम मात्र १९९६ साली आलं. ‘सुपर मारिओ ६४’ हा मारिओचा पहिला त्रिमिती गेम. तोवर मारिओ डावीकडून उजवीकडे धावायचा आणि पडदा त्याच्यामागून सरकायचा. कुठून बघायचं हा प्रश्नच नव्हता. आता मारिओ कुठेही फिरू शकत होता, म्हणजे बघणाऱ्याची जागाही सतत बदलायला हवी होती. कधी मध्ये भिंत येणार, कधी मारिओची पाठ दिसणार तर कधी तोंड. खेळणाऱ्याला एकीकडे मारिओ हलवायचा होता आणि दुसरीकडे आपली स्वतःची नजर. ही दुसरी गोष्ट त्या वेळी बहुतेकांनी कधी केलेलीच नव्हती.

ती समजावायला एखादं माहितीपत्रक पुरलं असतं का, कोण जाणे. निन्टेन्डोनं त्यासाठी माणूस नेमला. गेम सुरू होताना लाकिटू राजवाड्याभोवती उडत येतो. त्याच्या हातात गळाची काठी आणि तिच्या टोकाला लटकलेला कॅमेरा. तुम्हाला पडद्यावर जे दिसतं आहे ते मी टिपतो आहे, असं तो सांगतो. बस. ‘दृष्टिकोन बदला’ हा अमूर्त मामला ‘कॅमेरावाल्याला जरा तिकडे पाठवा’ एवढा सोपा झाला. भिंत आडवी आली की राग गणितावर निघत नाही, लाकिटूवर निघतो. मारिओ ६४ चा कॅमेरा आज खेळताना वैताग आणतो हे मी कबूल करतो, पण तोच कॅमेरा एका ओळखीच्या कासवाच्या हाती असल्यामुळे माणूस बरंच सहन करतो.

याच राजवाड्यात आरशाची एक खोली आहे. एका भिंतीवर मोठा आरसा. त्यात मारिओचं प्रतिबिंब दिसतं आणि त्याच्या मागे, हवेत, काठीला कॅमेरा लटकवून तरंगणारा लाकिटूही. इतके तास जे पाहिलं ते खरंच कोणीतरी टिपत होतं! तो आरसाही मुळात आरसा नाही. प्रतिबिंबाचा हिशेब करणं त्या यंत्राला परवडणारं नव्हतं, म्हणून भिंतीपलीकडे तशीच दुसरी खोली उलटी बांधली आणि तिच्यात उलटा मारिओ आपल्याबरोबर चालवला. तरी सगळं काही हुबेहूब नाही. एका भिंतीवरचं चित्र फक्त आरशात दिसतं, प्रत्यक्ष खोलीत तिथे कोरी भिंत आहे. त्या कोऱ्या भिंतीत उडी मारली की बर्फाची लेव्हल उघडते. नाटकात विंगेतल्या माणसानं क्षणभर रंगमंचावर डोकावून जावं, तसा लाकिटू त्या आरशात दिसतो. नंतर बरेच तास खेळताना माझी पाठ उगाच सळसळत होती.

काही तोडगे यंत्राच्या अडचणीतून आले, तर काही सरळ घरातून. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मधलं बू नावाचं भूत पाहा. पांढरं, गोलमटोल. त्याच्याकडे पाहिलं की ते लाजून तोंड झाकतं, पाठ फिरवली की जबडा वासून मागे लागतं. जपानीत त्याचं नाव ‘तेरेसा’, लाजणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. मियामोतोंनीच सांगितलं आहे की ही कल्पना तेझुकांच्या पत्नीवरून सुचली. एरवी अगदी शांत, पण नवरा सारखा ऑफिसातच असतो म्हणून त्या एकदा भडकल्या. नवऱ्यानं ऑफिसात जाऊन त्याचं भूत केलं. त्यावर घरी काय झालं ते मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

त्याच गेममधला चेन चॉम्प म्हणजे साखळीला बांधलेला, दात विचकणारा काळा गोळा. तो मियामोतोंच्या लहानपणातून आला. एक कुत्रा अंगावर धावून आला आणि ऐनवेळी साखळीनं त्याला मागे ओढलं. त्या वयात आपल्यापैकी कोणाला असा कुत्रा भेटलेला नाही? शत्रूची सगळी भीती त्या साखळीच्या लांबीत आहे. ती संपते तिथे आपण सुखरूप. पण फार वेळ घुटमळलात तर तो साखळी तोडतो, हेही त्यांनी करून ठेवलं. पुढे १९९३ मध्ये तेझुकांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका गेममध्ये हाच प्राणी एका बाईचा पाळीव कुत्रा म्हणून आला. त्यात आपण त्याची साखळी हातात धरून त्याला फिरायला नेतो.

आता टोड. अळंबीच्या डोक्याचा, मारिओ जिला सोडवायला निघतो त्या पीच राजकन्येचा सेवक. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ किल्ले असतात. धापा टाकत एकेक किल्ला जिंकावा, तर आत टोड उभा. आभार मानतो आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचं सांगतो. असं सात वेळा. सरकारी कचेरीत ‘तुमचं काम पलीकडच्या खिडकीवर’ सांगणाऱ्या माणसाचं दर्शन मला पहिल्यांदा इथे घडलं.

टोडला हातपाय हलवायची पहिली संधी मिळाली ती एका उसन्या गेममध्ये. मारिओचा जपानातला दुसरा भाग अमेरिकेसाठी फारच अवघड ठरेल असं कंपनीला वाटलं. त्याऐवजी १९८७ चा ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ हा भलताच गेम घेतला आणि त्यातली माणसं बदलून १९८८ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. मूळ गेममध्ये एक कुटुंब होतं. त्यातल्या आईच्या जागी लुइजी आला, बाबांच्या जागी टोड. आईची उडी सगळ्यांत उंच आणि बाबा ओझं उचलण्यात तरबेज, म्हणून लुइजी उंच उडू लागला आणि चिमुकला टोड सगळ्यांत ताकदवान ठरला. लुइजी मारिओहून उंच आणि सडपातळ दिसतो, ही ठेवणही इथूनच पुढे रूढ झाली. मुखवटेवाला शाय गाय आणि पायांवर चालणारा बॉम्ब ही मंडळी मुळात त्याच परक्या गेममधली. भाड्यानं राहायला आली आणि पुढे घरचीच होऊन बसली.

टोडचं खरं सोनं झालं ते मात्र २०१४ मध्ये, ‘कॅप्टन टोड: ट्रेझर ट्रॅकर’मध्ये. कॅप्टन टोड म्हणजे २००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’मधल्या टोड-पथकाचा म्होरक्या. डोक्यावर दिवा, पाठीवर भलंमोठं ओझं. या गेमचा कणा एकाच गोष्टीत आहे: ओझ्यामुळे त्याला उडी मारता येत नाही. मारिओच्या जगात उडी नाही म्हणजे क्रिकेटमध्ये बॅट नाही! मग सगळी करामत जागेकडे वळते. प्रत्येक लेव्हल दिवाळीच्या किल्ल्याएवढी आटोपशीर असते. ती सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची आणि कोणत्या कपारीतून वाट जाते ते शोधायचं. नायक जे करतो ते न करता नायक होता येतं, हे मला इतकं नीट दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलं नाही. बाकी टोडच्या डोक्यावर असते ती टोपी की ते त्याचं डोकंच, यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. २०१८ मध्ये निर्माते योशिआकी कोइझुमी यांनी ते डोकंच असल्याचं जाहीर केलं. मला अजून पटलेलं नाही.

पॉलिनची गोष्ट वेगळी, कारण ती मारिओइतकीच जुनी आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये महाकाय वानर जिला पळवून नेतं तीच ही. जपानात तिला नावही नव्हतं, नुसतं ‘लेडी’. अमेरिकेत गेम पाठवताना नावं हवी होती. तिथल्या कंपनीत गोदाम सांभाळणाऱ्या डॉन जेम्स यांच्या पत्नी पॉली, त्यावरून ती पॉलिन झाली. मारिओचं नाव त्याच गोदामाच्या मालकावरून, मारिओ सेगाले यांच्यावरून आलं. घरमालकाचं नाव जगभर गाजलं. पॉलिन मात्र १९८५ मध्ये पीच राजकन्या आली तशी बाजूला पडली. मधल्या काळात ती दिसली ती मुख्यतः वानराबरोबरच्या छोट्या गेममध्ये, पुन्हा पळवली जाण्यासाठीच.

२०१७ मध्ये ‘सुपर मारिओ ओडिसी’ आला आणि त्यात ती चक्क एका महानगराची महापौर होती. शहराचं नाव न्यू डाँक सिटी. ती शहरात उत्सव भरवते आणि स्वतः मंचावर गाते. ती गात असताना मारिओ इमारतींच्या भिंतींवर चपटा होऊन धावतो, १९८१ सारखी पिंपं चुकवत वर चढतो. ज्या लोखंडी तुळयांवर तिला अडकवून ठेवलं होतं, त्यांच्यावरच आता तिच्या नावाचा सोहळा. खेळ थांबवून हसलो, हे सांगायला लाज वाटत नाही. २०२५ च्या ‘डाँकी काँग बनान्झा’मध्ये ती तेरा वर्षांची मुलगी होऊन त्याच नावाच्या वानराच्या खांद्यावर बसून हिंडते.

याच गोतावळ्यातल्या रोझलिना आणि योशीबद्दल इथे लिहीत नाही. त्यांना आता पुष्कळ चाहते आहेत.

लुइजीलाही अखेर घर मिळालं, पण भुताचं. २००१ मध्ये निन्टेन्डोचा गेमक्यूब हा नवा कन्सोल बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत मारिओचा मोठा गेम नव्हता. होता ‘लुइजीज मॅन्शन’. हरवलेल्या मारिओला शोधत लुइजी अंधाऱ्या वाड्यात फिरतो, हातात भुतं ओढून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर. भीती घालवायला तो पार्श्वसंगीताच्याच चालीवर गुणगुणतो. एक बटण दाबलं की तो भावाला हाक मारतो. त्या हाकेचा खेळात काहीच उपयोग नाही. पण अंगात ताकद असली की ती ठणठणीत येते आणि जीव जाईल की काय अशी वेळ आली की थरथरते. मारिओला कधी घाबरलेलं पाहिलं आहे? धाकट्याला घाबरता येतं, म्हणून त्याच्यात जीव आहे. या मालिकेतला तिसरा भाग २०१९ मध्ये आला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

राहता राहिला वालुइजी. २००० सालच्या ‘मारिओ टेनिस’मध्ये दुहेरी सामने होते. मारिओचा जोडीदार लुइजी. मग मारिओचा प्रतिस्पर्धी वारिओ, त्याचा जोडीदार कोण? गेम बनवणाऱ्या कॅमेलॉट कंपनीनं लुइजीची वाईट आवृत्ती काढली. वारिओच्या नावात जपानी ‘वारुइ’, म्हणजे वाईट, दडलेलं आहे. तेच लुइजीला जोडलं. जपानीत नाव झालं ‘वा-रु-इ-जि’. यातली अक्षरं फिरवली की ‘इ-जि-वा-रु’ होतं, म्हणजे खाष्ट. कोटी मोठी झकास आहे आणि लुइजीच्या टोपीवरचं इंग्रजी अक्षर उलटं करून याच्या टोपीवर लावलं, हेही बरोबर. पण टेनिसला चौथा भिडू मिळाला आणि त्याच्या जन्माचं प्रयोजन तिथेच संपलं. वारिओचे स्वतःचे गेम आहेत. वालुइजीचा आजवर एकही नाही. टेनिस, गोल्फ, गाड्यांच्या शर्यती, पार्टी, जिथे जिथे संख्या भरायची असते तिथे तो असतो, लांबलचक पाय आणि जांभळी टोपी घेऊन.

२०१८ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ची घोषणा झाली. निन्टेन्डोच्या जगातले लढवय्ये एकत्र आणणारा हा गेम, पुढे त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. त्यात मांसाहारी रोपटं आहे. व्यायाम शिकवणारी बाई आहे. वालुइजी नाही. चाहत्यांनी केवढा गदारोळ केला, तरी नाहीच. त्याला ठेवलं ते मदतनीस म्हणून. लढाईत एखादी विशिष्ट वस्तू हाती लागली की तो काही क्षणांसाठी अवतरतो, समोरच्याला पायांनी जमिनीत तुडवतो, टेनिसच्या रॅकेटनं एक जोरदार फटका हाणतो आणि कोणी टाळ्या वाजवायच्या आत दिसेनासा होतो.